हिरव्या टोपणाची मालकीण

विशाखा, तुझ्या जलदान विधीच्या जेवणात आपल्या 'हिरव्या टोपणा'त लिंबू जास्त झालं होतं. हे आधी कबूल करते, म्हणजे बाकीचं बोलायला मी मोकळी. पंगतीत काकडी होती, गाजर होतं, मुळा होता, बारीक चिरलेला कोबी होता आणि दर चार माणसांमागं आपली एक बाटली ठेवली होती. लोक बाटली हलवून हलवून ओतून घेत होते, छान झालंय म्हणत होते. अशा जेवणात कोण खोट काढणार? मला मात्र पहिल्याच घासाला कळलं. तू गेल्यावर मी एकटीनं केलेली ती पहिली बॅच. तू असतीस तर तोंडानं काही बोलली नसतीस. चमचा ताटाच्या कडेला ठेवला असतास आणि माझ्याकडं बघितलं असतंस. अठ्ठावीस वर्षं मी तुझ्या त्या बघण्याला वचकून होते. त्या दिवशी ते नव्हतं, तर मीच चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. मी अजून कामाच्या खोलीत आपली दोघींची बडबड एकटीच करत असते. प्रज्ञा रविवारी आली तेव्हा तिनं ऐकलं. म्हणाली, मावशी, आईशी बोलायचंच असेल तर लिहून काढा. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे, सल्ला देते तोही हुकूम वाटतो. वही पण तिनंच आणून दिली.

लिहायला आणखी एक कारण आहे. शहरातल्या त्या कंपनीला आपली बाटली अजून विकत हवी आहे, नावासकट. बाटलीच्या पाठीवर छापायला तिची जन्मकथाही त्यांनीच लिहून आणली आहे. त्या कथेत तू नाहीस. म्हणून म्हटलं, आपण आपली लिहून ठेवावी. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. मध्ये मध्ये बोलायची सवय तेवढी आवर.

चौदा वर्षं आपण औषधाच्या कारखान्यात समोरासमोर उभ्या राहून गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरल्या. तिथं प्रत्येक बॅचच्या कागदावर दोन सह्या लागायच्या, एक काम करणारीची आणि एक तपासणारीची. घाईच्या वेळी आपण न वाचताच एकमेकींच्या कागदावर सह्या ठोकायचो. तेवढा विश्वास होता म्हण, की तेवढा कंटाळा होता म्हण. मग पट्ट्या भरायचं यंत्र आलं आणि एकाच दिवशी आपल्या दोघींना घरी पाठवलं. तू त्या दिवशी बसमध्ये म्हणालीस, यंत्राला सही कुठं करता येते, बघू किती दिवस टिकतं. ते अजून टिकलंय.

मग शेंद्र्याच्या एका कारखान्याचं कँटीन. सॅलडचं टेबल आपल्या दोघींकडं. कारखान्यात कोण्या डॉक्टरचं भाषण झालं होतं आणि साहेबांनी फर्मान काढलं होतं की प्रत्येक ताटात कच्ची भाजी गेलीच पाहिजे. कामगार बिचारे दिवसभर लोखंड उचलून येणार आणि समोर आपण बिटाच्या चकत्या ठेवणार. सगळं परत यायचं. परत आलेलं साहेब लोक तराजूवर तोलायचे आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे, आज इतकं अन्न वाया गेलं. त्या आकड्याखाली उभं राहून जेवण वाढायचं म्हणजे शिक्षाच होती. तुला तर तो फळा म्हणजे स्वतःवर घेतलेला आळ वाटायचा.

त्या दिवशी माझ्या डब्यात कारळाची चटणी होती, वर करडईचं कच्चं तेल. आपल्याकडं घरोघरी असते तशीच, त्यात माझं कौतुक काही नाही. तू मला न विचारता डबा उघडलास. सरबताची एक रिकामी बाटली पडली होती, हिरव्या टोपणाची. तीत चटणी तेलासकट ओतलीस, चार लिंबं पिळलीस, गूळ किसून टाकलास, मीठ, एक हिरवी मिरची ठेचून, मूठभर दाण्याचं कूट. टोपण लावलंस आणि बाटली हलवायला लागलीस. किती वेळ हलवलीस! मी म्हटलं, आता बास कर, हात तुटंल. तू थांबेनास. तेल आणि लिंबाचं पाणी वेगळं दिसेनासं झालं तेव्हा थांबलीस. मग रांगेतल्या पहिल्या माणसाच्या काकडीवर ते ओतलंस आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. तो माणूस चार पावलं गेला, तोंडात टाकलं आणि ताट घेऊन परत आला. ताट पुन्हा पुढं केलं.

आठवड्यात फळ्यावरचा आकडा इतका खाली आला की साहेबांनी तराजू बिघडला म्हणून माणूस बोलावला. कामगारांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, आपल्यालाही नव्हतं. ते म्हणायचे, बाई, ते हिरव्या टोपणातलं द्या. मग घरी न्यायला मागायला लागले. कोणी औषधाची बाटली आणायचा, कोणी पाण्याची. वर्ष-दीड वर्षानं आपण कँटीन सोडलं आणि करमाडला तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत काम सुरू केलं. नाव लोकांनी ठेवलं होतंच. टोपणं तेवढी हिरवीच शोधून आणायची, इतकाच काय तो नियम.

माझ्या सासूबाई पहिलं वर्षभर त्या बाटलीला शिवल्या नाहीत. का, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी रोज गावातून तुमच्या वस्तीत कामाला जाते, तिथंच दुपारची भाकर खाते, याचं त्यांना काय वाटायचं ते त्या भांडी आपटून सांगायच्या. दुसऱ्या वर्षी एकदा मी त्यांना स्वयंपाकघरात उभ्यानं बाटलीतलं मुळ्यावर ओतून घेताना पकडलं. त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, तिखट कमी आहे. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. पुढच्या बॅचपासून एक मिरची वाढवलीस. अजून ती तेवढीच आहे. त्या एका मिरचीबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

आणि आपलं ते भांडण. अकरा वर्षं चाललं, निकाल लागला नाही. कोणी विचारलं, हे कोणी काढलं, की तू माझ्याकडं बोट दाखवायचीस आणि मी तुझ्याकडं. तुझं एकच पालुपद, "चटणी तुही व्हती. म्या फकस्त हलवलं." माझं म्हणणं, कारळाची चटणी पिढ्यान् पिढ्या डब्यात बसली होती, तिला बाटलीत घालून लिंबाशी गाठ घालून द्यायची अक्कल कोणाला सुचली? आपल्या या भांडणाला दुकानदार कंटाळले. प्रज्ञाच्या लग्नात व्याह्यांसमोर आपण हेच भांडलो आणि ते बिचारे जेवायचे थांबले.

पण खरी मजा झाली ती नाव नोंदवताना. क्रांती चौकातला तो दुकानदार आपल्याला म्हणाला होता, बाई, नाव सरकारदरबारी नोंदवून घ्या, नाहीतर उद्या कोणी तिसराच मालक होऊन बसेल. आपण दोघींनी मान हलवली आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. त्या चहात काय होतं कोण जाणे. मी मनात ठरवलं की नोंदणी गुपचूप विशाखाच्या नावावर करायची, कारण विचारलं तर ती नको म्हणणार. त्याच वेळी समोर बसून तूही तेच ठरवत होतीस, फक्त उलटं.

मी क्रांती चौकातला एक वकील गाठला. अर्जावर तुझी सही हवी होती. ती घ्यायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. आपण पत्र्याच्या खोलीतही बॅचचे कागद ठेवायचो, कारखान्यातली खोड, दोन सह्यांची. मी त्या कागदांमध्ये अर्ज घुसवला आणि म्हटलं, इथं सही कर. तू केलीस. तुझ्या हाताला गूळ लागला होता, त्याचा डाग अर्जावर पडला. मी इतकी खूश होते की घरी जाऊन ह्यांनाही सांगितलं नाही. तू जालना रोडवरचा वकील गाठला होतास आणि माझी सही त्याच पद्धतीनं माझ्या आधी आठ दिवस काढून घेतली होतीस, हे मला कुठून कळणार?

काही महिन्यांनी माझ्या वकिलाचा फोन आला. म्हणाला, अडचण आहे, याच नावासाठी याच वस्तूसाठी आधीच कोणीतरी अर्ज केलाय. माझं डोकं फिरलं. मी तशीच तुझ्या खोलीत आले आणि तुला सगळं सांगून टाकलं, गुपित बिपित विसरून, फक्त अर्ज कोणाच्या नावानं ते सोडून. तूही भडकलीस, तो अर्ज तुझाच असेल हे तुझ्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या तोंडून मी त्या दिवशी जे शब्द ऐकले ते कारखान्यातही ऐकले नव्हते. कोण हाय त्यो, त्याच्या दारात जाऊन बसू, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आपण दोघी वकिलाकडं, जिना चढताना तू माझ्या पुढं.

वकिलानं कागद वाचला. म्हणाला, आधीचा अर्ज मंदाकिनी नावाच्या बाईचा आहे, राहणार करमाड. मला सगळे मंदाच म्हणतात, तेव्हा मी म्हटलं, असेल कोणी भवानी. मग तो पूर्ण नाव वाचू लागला, माझ्या नवऱ्याच्या नावासकट. विशाखा, तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तुझ्याकडं बघितलं. तू छताच्या पंख्याकडं बघत होतीस, जणू तो आत्ता पडणार आहे. मग तू हळूच त्याला विचारलंस, आणि हिनं केलेला अर्ज कुणाच्या नावानं हाय? त्यानं सांगितलं. आता पंख्याकडं बघायची माझी पाळी होती.

वकिलानं चष्मा काढून ठेवला. म्हणाला, मालकीसाठी भांडणारे सख्खे भाऊ माझ्याकडं रोज येतात, मालकी एकमेकांच्या गळ्यात मारायला भांडणारे आजवर कोणी आले नव्हते. आपण त्याच्यासमोरच पुन्हा सुरू झालो, चटणी कोणाची आणि बाटली कोणी हलवली. शेवटी त्यानं वैतागून दोघींच्या नावानं भागीदारीचा कागद केला. त्यातही आधी नाव कोणाचं यावर तासभर गेला. माझं आधी आलं, कारण तू त्याला डोळ्यानं खूण केलीस. मला दिसली होती ती. मी गप्प बसले, कारण मला भूक लागली होती. जिन्यात बसून आपण हसलो ते आठवतं? येणारे-जाणारे वळून बघत होते, दोन उतारवयाच्या बायका पायरीवर बसून पोट धरून हसतायत. आयुष्यात मला जेवढं सुख मिळालं त्यातलं बरंच त्या जिन्यात आहे.

इथवर लिहायला सोपं गेलं. पुढचं जड आहे.

गेल्या थंडीत त्या कंपनीचा माणूस आला. चांगला होता गं, उगाच नावं ठेवणार नाही. बोलायला गोड, बूट काढून आत आला, बाटली हलवून मगच ओतली. काकडी खाऊन त्यानं डोळे मिटले, तेव्हा तुलाही बरं वाटलं होतं, मी पाहिलं. त्यानं नवीन लेबलाचं चित्र काढून दाखवलं. त्यावर नथ घातलेली एक म्हातारी होती आणि खाली लिहिलं होतं की करमाडच्या एका जुन्या जमीनदार घराण्यातली ही शंभर वर्षांची परंपरा आहे. खाली माझ्या सासरचं आडनाव. तू चित्र बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, माह्या आजीनं सॅलड पाह्यलं नव्हतं साहेब, आन् हिच्या आजीनं बी नाय. तो हसला. म्हणाला, ताई, गिऱ्हाइकाला गोष्ट लागते, आणि लेबलावर एकच नाव शोभून दिसतं.

एकच नाव म्हणजे माझं. ते तसं का, हे त्यानं सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आता खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आपलं आडनाव दुकानादुकानांत दिसणार म्हणून. शिवाय माझे गुडघे. पत्र्याखाली उभं राहून राहून माझे गुडघे गेलेत, विकून टाकावं आणि आरामात बसावं असं मला वाटत होतं. तो गेल्यावर मी तुला समजवायला लागले. बाटली तीच राहील, चव तीच राहील, पाठीवर काय छापलंय ते कोण वाचतंय? तू नरसाळं धूत होतीस. म्हणालीस, "विक की, मंदे. म्या कुठं नको म्हणायले? पर खोटं लिहून नको."

तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहायचं म्हणून ही वही उघडली आहे. मी म्हणाले, "तुला नावाचं एवढं काय पडलंय?"

तू नरसाळं खुंटीला अडकवलंस, हात पुसलेस. "तुला नाय कळायचं," एवढंच बोललीस. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

अकरा दिवस आपण कामापुरतं बोललो. बाराव्या दिवशी लिंबूवाल्यानं सुकी लिंबं आणून टाकली आणि त्याला झापताना आपण आपोआप एका बाजूला आलो. मग सगळं पहिल्यासारखं झालं. पण ते एक वाक्य तसंच पडून राहिलं. तू उचललं नाहीस, मी झाडून टाकलं नाही. म्हटलं, होईल बोलणं, कुठं पळून जातंय.

आणि मग तो ताप. छातीत कफ धरलाय म्हणाले, दवाखान्यात चार दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा औषधं आणायला गेली होती, मी तुझे केस विंचरत होते. तुझी वेणी किती बारीक झाली होती. तेव्हा बोलता आलं असतं. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. मी काय बोलत बसले? करडईचं नवीन तेल जरा कडू निघालंय म्हणून. तू डोळे मिटून ऐकत होतीस, म्हणालीस, दोन दिवस ऊन दे बाटल्यांना. ते शेवटचं. एवढी वर्षं शेजारी उभं राहून काम केलं आणि शेवटी आपण तेलावर बोललो. पण खरं सांगू, आता विचार करते तेव्हा त्याचं फार वाईट वाटत नाही. ते आपलंच बोलणं होतं. दुसऱ्या कोणाशी मला तेवढं बोलता आलं नसतं.

जलदान विधीला मी पांढरी साडी नेसून आले. बुद्धवंदना मला येत नाही, नुसती हात जोडून बसले. तुझ्या भावानं, गौतमदादानं मला पुढं बोलावून तुझ्या मावशीशेजारी बसवलं. जेवणं झाल्यावर मांडवात आम्ही बसलो होतो आणि मी त्यांना सहज विचारलं, वहिनी-ताई सगळ्यांची नावं शीला, सुमन, मग हिचंच विशाखा कसं? बघ, अठ्ठावीस वर्षांत मी तुला हे विचारलं नव्हतं.

दादांनी सांगितलं. तुमच्या वडलांनी ते नाव एका सभेत ऐकलं होतं. बुद्धाच्या काळातली एक मोठी दानी बाई होती म्हणे, तिचं. मुलगी झाली तर हेच ठेवायचं म्हणून त्यांनी ते पाठ करून ठेवलं, कारण लिहिता येत नव्हतं. तुझ्या आजोळच्या गावी तुला शाळेत घातलं तेव्हा मास्तर म्हणाले, हे नाव तुमच्या लोकांत कुठून आलं? आणि सोमवारी जन्मली म्हणून रजिस्टरात लिहिलं, सोमी. तुझे वडील दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून शाळेत गेले आणि पायरीवर बसले. भांडले नाहीत, नुसते बसले. मास्तरांनी तिन्हीसांजेपर्यंत बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी नाव बदललं. पण वडलांना वाचता येईना, खरंच बदललं की नाही कसं कळणार? त्यांनी दुसऱ्या वर्गावरच्या मास्तरांना हात जोडून बोलावलं आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मगच घरी आले.

दादा हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यापुढं तू नरसाळं खुंटीला अडकवत होतीस. तुला नाय कळायचं, म्हणालीस, ते खरं होतं. माझं नाव रजिस्टरात कोणी बदललं नाही. माझ्या बापाला त्यासाठी कुठं बसावं लागलं नाही. मला नाव फुकट मिळालं होतं, म्हणून मला ते लेबलावर छापून आलं की गुदगुल्या होत होत्या, बाकी काही नाही.

आणि मग घरी जाताना मला दुसरी गोष्ट सुचली आणि मी रस्त्यातच थांबले. ते वकिलाकडचे दोन अर्ज. नावाची किंमत जिला एवढी ठाऊक होती, त्या बाईनं 'मालक' या शब्दापुढं स्वतःचं नाव नाही, माझं लिहून दिलं होतं. मी तुझं लिहिलं ते प्रेमानं, पण माझं त्यात काही जात नव्हतं. तुझं जात होतं. आपण जिन्यात बसून हसलो तेव्हा मला वाटलं होतं की आपण दोघींनी एकच गंमत केलीय. ती एकच नव्हती, विशाखा. तुझी फार मोठी होती आणि तू तशीच हसत बसलीस माझ्याबरोबर. मी रस्त्यात उभी राहून रडले. मग खूप बरं वाटलं. इतकं कोणीतरी आपल्याला दिलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

गेल्या आठवड्यात कंपनीचा तो माणूस पुन्हा आला. तुझ्या फोटोला फुलं वाहिली. मग बॅगेतून तेच चित्र काढलं आणि फार हळू आवाजात म्हणाला, आता तसंही एकच नाव राहिलं, त्यामुळं सोपं झालंय. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, कळतं मला. मी त्याला पाणी दिलं. मग म्हणाले, "साहेब, एकच नाव पाहिजे असंल तर विशाखाचं घाला. म्हातारी काढून टाका." तो म्हणाला, वरच्यांना विचारून कळवतो. अजून कळवलं नाही. मी फोनची वाट बघत नाही. प्रज्ञानं तुझा हिस्सा स्वतःच्या नावावर करायला दिलाय आणि सुटीच्या दिवशी येऊन बाटल्या हलवते. हात तुझाच आहे, थांबता थांबत नाही. मला तिनं एक उंच स्टूल आणून दिलंय, गुडघ्यांसाठी. अकरा वर्षांत आपल्या दोघींना स्टूल कसं सुचलं नाही?

आणि हो, आपलं भांडण मी मिटवलंय. आता तुला बोलता येत नाही, म्हणून मी जिंकले असं समजू नकोस, निम्मं निम्मं केलंय. जुनी लेबलं संपत आली होती. काल मी आणि प्रज्ञा संभाजीनगरला छापखान्यात गेलो. बाटलीच्या पाठीवर काय छापायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं: हे विशाखानं बनवलं. चटणी मंदाच्या डब्यातली होती. प्रज्ञा वाचून म्हणाली, आईनं दुसरं वाक्य आधी घ्यायला लावलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच पहिलं आधी आहे.

छापखानेवाल्यानं विचारलं, या बाई आता नाहीत का? आम्ही नाही म्हटलं. मग तो म्हणाला, नावाआधी 'कै.' लावू? प्रज्ञा म्हणाली, आमच्यात 'कालकथित' लिहितात. तो पेन्सिल धरून माझ्याकडं बघत राहिला.

मी म्हणाले, "काहीच लावू नका. तिच्या बापानं ठेवलंय तेवढंच लिहा."

त्यानं लिहिलं आणि कागद आमच्याकडं फिरवला. म्हणाला, नीट वाचून घ्या बाई, एकदा छापलं की मग बदलता येत नाही. मी चष्मा लावला, तुझं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे.